मालिकेत मी सुटलो

उखा बडगुजर नगरपालिकेत घरपट्टीचा कारकून.
दिवसा लोकांच्या दारात पावत्या फाडायचा,
रात्री त्याच दारांआड खून घडवायचा.
अकरा कादंबऱ्या झाल्या. सगळ्यांत एकच फौजदार, देवचंद:
बुटका, बारमाही सर्दीचा,
सायकलची चेन बसवताना हात काळे झाल्याशिवाय
ज्याला काही सुचत नसे.

चौथ्या पुस्तकात विष मी दिलं.
निंबाचा लिंबा केला त्याने, बस्स, एवढंच लपवलं.
बाकी सगळं माझं: डॉक्टर कोठाऱ्यांचा दवाखाना,
बाटलीवर चिकटवलेली डोसाची कातरलेली पट्टी,
डाव्या अंगठ्याला नख नाही, तेसुद्धा.
अख्ख्या अमळनेरात मग बावीस वर्षं
कुणी न हसता माझ्या हातून औषध घेतलं नाही.
"आबा, पहिला घोट तू."

आता मालिका आलीय.
देवचंद सहा फूट झाला, त्याची सर्दी गेली.
बोरीला वैशाखात दोन्ही थड्या भरून पाणी, तेही निळं.
पुस्तकात सुगंधाबाई बट्ट्यांचं पीठ मळता मळता
निम्मे खून उलगडायची.
इथे पहिल्याच भागात तिच्या फोटोला हार,
साहेब उदास दिसावेत म्हणून.

पान एकशे बारापासून देवचंद तीन दिवस
माझ्या समोरच्या बाकावर नुसता बसतो. नाक पुसत.
पेशंट येतात, जातात. मी गोळ्या मोजतो.
एकशे एकतिसाव्या पानावर माझी मोजणी चुकते
आणि ते फक्त त्याला कळतं, आणि वाचणाऱ्याला.
मालिकेत तिथे साबणाची जाहिरात.

विषाचं पिस्तूल झालं, डॉक्टरांचा मंत्री.
माझ्या जागी पांढऱ्या कोटातला एक पोरगा,
"साहेब आत आहेत" म्हणाला आणि गेला.
नातू उड्या मारतोय, "आबा, तू सुटी गया!"
हिचा आपला एकच सवाल, "मंग कोनी मारं त्याले?"
तेवढ्यात लाईट गेली.

बॅटरीच्या उजेडात पुस्तक काढलं.
शेवटून चार पानं,
लिंबा का म्हणून मारतो, ते.
माझी बहीण बाळंतपणात अडली होती,
आणि डॉक्टर पत्त्यांच्या डावावरून उठले नव्हते.
हे मी उखाला एकदाच सांगितलं होतं,
दारात उभ्या उभ्या, तो पावती लिहीत असताना.
त्याने मान वर केली नव्हती.

मालिकेत मी निर्दोष. बरं झालं.
पण मग तिला तिथे मरायलासुद्धा
जागा उरली नाही.

डॉक्टर खरे गेले ते एक्याऐंशीव्या वर्षी, झोपेत.
रात्रीचं मिक्श्चर मीच दिलं होतं,
पट्टीच्या रेघेपर्यंत. बरोब्बर रेघेपर्यंत.