टिंबासकट

वकीलबाई म्हणतात, एवढंच म्हणायचं:
ही सही माझ्या वडिलांची नाही.
बाकी त्या बघून घेतील.

टेबलावर पतपेढीच्या कर्जरोख्याची झेरॉक्स.
गहाण मिळकत: सिडकोची खोली, कोपरखैरणे,
मोरी, ओटा आणि मागाहून चढवलेला पत्र्याचा मजला धरून.
रक्कम अकरा लाख.
कर्जदार रोहिदास, माझा धाकटा भाऊ.
रबाळ्याला पावडर कोटिंगचा गाळा टाकणार होता.
टाकलाही. सतरा महिने.
खाली मिळकतदार म्हणून अप्पा.
अप्पांना जाऊन दोन वर्षं होतील.
व्याजाला सुतक नसतं.

वकीलबाई पेन्सिलीचं टोक टेकवतात:
हे बघा, ढच्या पोटाशी टिंब.
स्वतःच्या आडनावात कोण चुकतं हो?
या टिंबावर आपण सुटतो.

मी चौथीत होते, आणि वर्गात ढ.
अप्पा महाप्याला, रंगाच्या कारखान्यात.
पगाराच्या दिवशी अंगठा.
तो निळा अंगठा घरी येईस्तोवर खिशात असायचा.
आईपासून लपवायला नाही, तिचाही अंगठाच होता,
माझ्यापासून.
एका रविवारी म्हणाले, माझं नाव दे मला लिहून.
दिलं. को. बा. ढमाले.
ङ आणि ढ यांत माझा तेव्हा घोळ व्हायचा.
ङचं टिंब मी ढला देऊन टाकलं,
ङला तसंही कुठे काम असतं.

खोलीच्या हप्त्यांच्या पावत्या पालथ्या घालून
महिनाभर गिरवलं त्यांनी,
जीभ दातांत धरून,
टिंब सगळ्यात शेवटी, खिळा ठोकावा तसं.

सातवीत मला चूक कळली.
सांगितली, तर म्हणाले,
आता बँकेत हेच हाय.
बदललं तर माझेच पैसे मला देणार न्हाईत.

मग ते टिंब सगळीकडे गेलं.
माझ्या प्रगतिपुस्तकावर,
आईच्या ऑपरेशनच्या संमतीवर,
माझ्या काडीमोडाच्या कागदाखाली, साक्षीदार म्हणून.
आणि इथे.

रोहिदासने खोटी केली असती
तर शुद्ध केली असती.

त्या दिवशी तुम्ही चष्मा मागितलात, अप्पा.
मी खाली पोराचे पाढे घेत होते,
सतराचा, तो अडतोच.
वर नेऊन दिला चष्मा. रोहिदास होता, आणखी एक कोणी,
बॅग मांडीवर घेतलेला.
चहा टाकू का, एवढंच विचारलं मी.
तुम्ही नको म्हणालात, माझ्याकडे न बघता.
ते तरी कळायला हवं होतं.

उपनिबंधकांच्या कार्यालयात बाकावर रोहिदास,
दाढी वाढलेली, हातात हेल्मेट.
बदलापूरहून गाडीवर आला म्हणे.
फोन उचलत नव्हता तो आठ महिने,
आता समोर आहे तर मला काही विचारायचंच नाही.

साहेबांनी फाईल फिरवली माझ्याकडे.
ही सही तुम्ही ओळखता?

डोक्यात घर उभं राहिलं, मोरीपासून पत्र्यापर्यंत.
पोराचं दप्तर. मीटरवर माझं नाव लावायचं राहिलेलं.
वकीलबाईंचा पाय टेबलाखालून माझ्या पायाला लागला.

ओळखते, म्हटलं.

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं.
रोहिदासने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.
साहेब लिहित होते, त्यांना काहीच वाटलं नाही.
पुढची तारीख मिळाली.

घरी आले. तारखेपर्यंत घरच.
दारावरची नोटीस एका कोपऱ्यात सुटलेली,
पोराने कधीतरी चिकटपट्टी लावून ठेवलेली.
तिच्यात अप्पांचं नाव टाईप केलंय,
कोंडीराम बाळू ढमाले,
टिंब नाही.
किती बिनचूक.
दुसऱ्याच कुणाचं वाटावं, इतकं.