धर्मकाटा

मी मोजते.
गेटच्या डाव्या अंगाला खोली, खिडकीला जाळी,
बाहेर जमिनीत पुरलेला साठ टनी काटा.
ट्रक चढला की आकडे थरथरतात,
सुईत दोरा ओवणाऱ्या हातासारखे,
मग ठरतात. मी पावती फाडते.

एटापल्लीकडून लाल माल येतो.
टायर लाल, ताडपत्री लाल,
दौलत मडावीच्या पापण्यासुद्धा लाल.
वणीकडून कोळसा, मागोमाग डोलोमाइट,
आणि तुमसरचं मँगनीज पोत्यांतून, थोडंसंच,
फोडणीत हिंग पडावं तेवढं.

आत काय होतं ते मी पाहिलेलं नाही.
शालिक सांगतो, माझा भाऊ, डबा खाता खाता:
एक आडवी नळी आहे, चार ताड लांब,
मिनिटात अर्धं वळण घेणारी, आळसावलेली.
तिच्यात दगड कोळशाच्या कुशीत लोळत जातो
हजार अंशांवर, आणि वितळत नाही.
नुसता त्याच्या आतला वारा निघून जातो.
मागं उरतं काळं, हलकं, भोकाभोकांचं,
करपल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं.
चुंबक तेवढं उचलतो,
राखेकडं बघतही नाही.

मग विजेची भट्टी.
अन्सारचाचा निळी काच डोळ्यांवर ओढून
लांब दांड्याच्या पळीनं घोटभर लोखंड काढतो,
"तांबडं हाय तंवर कच्चं समज," म्हणतो, "पांढरं झालं का बोल."
वर आलेली मळी लोटून देतात.
लॅबमधून रंजू खोब्रागडे फोनवर कार्बन सांगते:
जास्त झाला तर काचेसारखं तडकणार,
कमी झाला तर नुसतं मऊ.
दशांशचिन्हापुढचे दोन अंक ऐकेपर्यंत
कुणी खोकतसुद्धा नाही.

त्यानंतर लादी. लालभडक, उशीएवढी जाड.
रोलरखालून जाते, परत येते, पुन्हा जाते,
मडक्यावर टाकायची लांबपोळी
हातावर वाढवत न्यावी तशी.
थंड झाली की आम्लात न्हाते,
जस्तात बुडते,
आणि अंगावर चांदीची फुलं घेऊन
गुंडाळी होऊन माझ्याकडं येते.
पुन्हा काटा. पुन्हा पावती.

रजिस्टरात शेवटचा रकाना आहे: घट.
आत आलं ते, वजा बाहेर गेलं ते.
ओलावा, धूर, मळी, साहेब बोटं मोडतात, नॉर्मल आहे.
मी संध्याकाळी दोरीवरची चादर झटकते.
आई कापूस वेचून येते, बोटं काळी.
रंजूचा बाप पहाटे उठून ओसरीत खोकत बसतो.
हे सगळं त्या रकान्यात धरलंय का
असं मी विचारलेलं नाही.
माझा पगारही त्याच रजिस्टरावर होतो.

काल दौलत रिकामा ट्रक घेऊन काट्यावर चढला.
रिकामा नव्हता. मागं दोरीनं बांधलेले चौदा पत्रे,
कडेला चेपलेले, म्हणून स्वस्तात मिळालेले.
"घरावर टाकतो जी. कवेलू लय गळते."
नेहमीचं रिकामं वजन अकरा हजार नऊशे साठ.
आज बारा हजार शंभर.
एकशे चाळीस, मी मोठ्यानं म्हटलं.

त्यानं पावती उलटसुलट केली.
"यात मी बी धरला काय?"
चालकासह, छापलेलंच असतं.
"सकाळपासून जेवलो नाही मॅडम," तो हसला,
"म्हणजे सारा पहाडच भरला."

इतकी वर्षं तो डोंगर उतरवून आणतोय.
पहिल्यांदाच काही वर घेऊन निघाला,
पत्रे खडखडत गेले वळणापर्यंत, मग ऐकू येईनासे झाले.

काट्याच्या पाटीवर त्याच्या टायरांची
लाल माती राहिली होती, ओंजळभर.
माझा काटा वीस-वीस किलोंनीच बोलतो.
आकडा शून्य होता.
मी पुढच्या गाडीला हात केला.