डबा

चैत्र लागला की मी माळ्यावरून डबा उतरवतो.
वनस्पती तुपाचा, पाच किलोचा. झाकण बसत नाही आता,
सायकलच्या ट्यूबचा पट्टा ताणून लावलाय.

पंखा चालू करायला लागणारे चारचे कंडेन्सर, दोन,
जुन्या पेपरात गुंडाळलेले.
एक अख्खा पंप, आर्वीहून आणला तेव्हापासून
पाण्याचं तोंड न पाहिलेला.
पितळी बुश, ग्रीसच्या कागदात, लहान आणि मोठे.
टाकीतला फुगा. टेप.
आणि कशाचा तरी एक स्क्रू,
जो आज फेकला तर उद्याच लागेल.

बेबीनंदा म्हणते,
"यात एखादा नवरा भी ठेवा ना स्पेअरमधला."
मी म्हणतो, "त्याचे पार्ट भेटत नाही बाजारात."

नवतप्याची तिसरी रात्र. अकरा वाजले असतील.
अंगणातला माठसुद्धा कोमट.
दारात दौलत उईके.
पाच वर्षं बोललो नव्हतो.
माझ्या कूलरचं पाणी त्याच्या अंगणात गळायचं,
त्यावरून.
(गळायचं, हे खरं आहे. तेव्हा मी मानलं नाही.)

घरात लेक बाळंतीण, लेकरू अकरा दिवसांचं,
ते त्यानं सांगितलं नाही, भिंतीतून ऐकू येतच होतं.
आर्वीचं दुकान सकाळी दहाला उघडतं.

उंबऱ्याकडे पाहत म्हणाला, "चारचा हाय काय?"
"हाय."
पाच वर्षांचं एवढंच साचलं होतं.

त्यानं तो टॉर्चपुढे धरला,
अंडं पारखतात तसा,
आणि मी पैशाला नाही म्हणायच्या आत
फाटकाची कडी वाजली.

थोड्या वेळानं पलीकडे घुर्र झालं.
ताटीवरून पाणी उतरू लागलं.
लेकरू रडता रडता
मधेच विसरलं.

मी बाजेवर पडून ऐकत राहिलो.
कानाला खोड आहे.
पंखा फिरतो, पण दर फेऱ्याला एक खर्र.
बुश गेलंय.
आठ दिवस काढेल, फार तर दहा.

उठलो. अंधारातच डब्यात हात घातला,
बोटांनी मापं चाचपली.
लहान लागेल की मोठं,
ते इथून कळणार नाही.

जाऊन पाहावं लागेल.