खर्जाची तार

तुर्कूहून सुटणाऱ्या रात्रीच्या बोटीवर
सातव्या मजल्यावरच्या नाचघरात
मी बास गिटार वाजवते, बिनडोक्याची.
गिटार बिनडोक्याची, हे दरवेळी सांगावं लागतं,
कारण आमचा अकॉर्डियनवाला पेन्टी
ओळख करून देताना नेमका त्याच शब्दावर थांबतो.

छत इतकं खाली
की डोकं असलेली गिटार झुंबराला लागायची.
आणि केबिनमधल्या वरच्या बंकवर
मी आडवी झाले की उरते तेवढ्या जागेत
हीच मावते, भिंतीकडे तोंड करून.
तोंड कुठलं म्हणा.
डोकं नाही म्हणून खुंट्यासुद्धा शेपटीला.

दुखणं एकच. खर्जाची तार तुटायची.
दर तिसऱ्या-चौथ्या फेरीला, घोडीपाशी, त्याच जागी.
तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात;
मी कधी ताणलीच नव्हती.
थंडीला दोष दिला, खाऱ्या वाऱ्याला दिला,
तारा बनवणाऱ्या कंपनीला दोन पत्रं लिहिली.
तिसरं शिवराळ झालं, ते टाकलं नाही.
नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी म्हणालंही असतं,
पण आमचं अंगण खरोखरच वाकडं व्हायचं
ऑलंडचं शेवटचं बेट मागे पडलं की.

तार तुटली म्हणून नाच थांबत नसे.
अकॉर्डियन पुढे जायचा, ड्रम पुढे जायचे,
लोकांना कळायचंही नाही.
थांबायचा एकटा आर्मास.
ऐंशीच्या पुढचा. गोदीत रिव्हेट ठोकून ठोकून
दोन्ही कान गेलेले.
पायांत पातळ तळव्यांचे बूट, मुद्दाम पातळ:
फरशीतून वर येतो
तेवढाच टँगो त्याच्या वाट्याचा.
तार तुटली की त्याचा उचललेला पाय तसाच राहायचा,
अंधारात जिना संपल्यावर
आणखी एक पायरी शोधणाऱ्यासारखा.
ल्यूली त्याला हलकेच ओढायची.
तो माझ्याकडे बघायचा. रागाने नाही.
रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी अकरा तुटक्या तारा
बिस्किटांच्या डब्यात घालून इंजिनरूममध्ये उतरले.
एस्कोने आधी गिटारकडे पाहिलंच नाही.
टोकं ओळीने मांडली, भिंग लावलं.
"ताणून तुटलेली तार मानेत बारीक होते.
या तुटल्या नाहीत.
या कुणीतरी कापल्यात."

मग डाव्या करंगळीचं नख
घोडीच्या खाचेतून सावकाश फिरवलं.
अडकलं.
परत फिरवलं. परत तिथंच.
धातूचं एक कुसळ, डोळ्यांना न दिसणारं;
तीन वर्षं माझ्या हाताखाली बसून
दर सुराला जरा जरा कुरतडणारं.

सहाशे नंबरचा पॉलिशपेपर
त्याने तुटक्या तारेलाच गुंडाळला
आणि पुढेमागे केला, मोजून वीस वेळा.
खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं.
पलीकडच्या टोकाचा स्क्रू पाहून म्हणाला,
"हा कोण पिळतं?"
मी.
"कशावर एवढा राग?"
मी बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावत बसले.
"तार धरली की थांबायचं. त्यापुढे पिळलं
की आतली शीर चेंगरते.
आणि कापायच्या आधी काटकोनात दुमडायची,
नाहीतर वेढे आतल्या आत सुटतात,
आवाज मरतो,
आणि तुला वाटत राहतं, तार तर शाबूत आहे."

जानेवारीत बोट बर्फ फोडत चालली होती,
बशा किणकिणत होत्या, झुंबर हलत होतं.
आर्मास सलग नऊ गाणी नाचला.
थांबला तो ल्यूलीच्या गुडघ्यासाठी.
जाताना त्याने स्टेजच्या कडेवर तळहात टेकला,
तोल सावरायला असेल.
मी तेव्हा खर्जाची तार मोकळीच छेडली, गाण्यात नसताना.
पेन्टीने वळून पाहिलं.
आर्मासने हात उचलायला वेळ लावला.

रोज साडेआठला, दिवे लागायच्या आधी,
मी खाचेतून नख फिरवते.
त्या एका नखाला आता रंग लावत नाही.
तरीही खर्जाची एक नवी तार
जॅकेटच्या आतल्या खिशात असते,
वेटोळं घालून,
अंगाच्या उबेने कोमट झालेली.