सुरू होईपर्यंतची हमी

अकरा आठवडे.
कोनोन्गोच्या चढावर आधी टकटक,
कुणी आतून दार वाजवावं तशी,
मग पांढरा धूर,
आणि मागून टोमॅटोवाल्या बाईंचं,
"ड्रायव्हर, आम्ही उतरायचं का?"

टोचन करून कुमासीत आणली गाडी.
इंजिन विकणारा बोआतेंग
पावतीवर बोट ठेवतो:
हमी, सुरू होईपर्यंत.
झालं होतं ना सुरू?

झालं होतं.
सेरवानं लग्नातलं केंटे विकलं त्याच संध्याकाळी.
बॉनेटला कान लावून म्हणाली,
पोट भरलेल्या बाळासारखं घुरतंय.

अदाई फिटर बोलत नाही.
डिपस्टिक पुसतो. तेल कसलं,
दूध घातलेला मिलो.
जपानहून आलेल्या कंटेनरात
कुणाचा अपघात आला, कुणाचा पूर,
तेमाच्या बंदरात कोण विचारतं?
पुन्हा पैसे? ते नंतर बोलू, म्हणतो.

वाकलेला रॉड काढून
तो ऐरणीवर धरतो.
ऐरण म्हणजे माझंच जुनं इंजिन,
एकोणीस वर्षं चाललेलं,
मीच भंगारात दिलेलं, वर हसून.

पहिला घाव पडला
आणि माझा डावा पाय
मातीत क्लच शोधू लागला.