गर्डर क्रमांक सहा

हिंगणा एमआयडीसी, मे महिना, दुपारचे तीन.
पत्र्याखाली तापमान किती, विचारू नका.
शिडीच्या बाविसाव्या पायरीवर
हातमोज्यातूनही कळतं.

हिच्यावरून क्रेन धावते. एकोणीस वर्षं,
रोजच्या एकशे चाळीस खेपा, म्हणजे आठेक लाख.
कॉइल उचलली की ही वाकते
करंगळीच्या नखाएवढी,
ठेवली की सरळ.
बघणाऱ्याला वाटतं, काहीच झालं नाही.
माझं पोट त्या 'काहीच'वर चालतं.

वेल्डच्या त्या कडेला इंग्रजी पुस्तकात
पायाचं बोट म्हणतात.
दौलत निखारे टाच म्हणतात.
"भेग बोटाले पडते का कधी? टाचेलेच पडते."
तेव्हापासून अहवालात मी टाचच लिहिते.
ऑफिसात अजून कुणी हटकलं नाही.

मोजायची एक रीत आहे:
ताणाचा आलेख उभा धरायचा
आणि वरून पाणी सोडल्यासारखं
छपराछपरावरून ओघळू द्यायचं,
जिथे थांबेल तिथे एक घाव.
काल रात्रभर मी कागदावर पाणी ओघळवत होते,
कूलरचा पंप जळालेला.
घाव भागिले सोसायची ताकद,
अधिक, अधिक, अधिक.
बेरीज एक झाली की संपलं.
आली शून्य पॉइंट त्र्याऐंशी.

"मग तुटणार केव्हा?" भुतडाजींनी फोनवर विचारलं.
केव्हा ते यात येत नाही, म्हटलं,
खर्ची किती पडलं तेवढं येतं.
त्यांनी फोन ठेवला नाही, नुसता बाजूला धरला.

हा सांधा निखाऱ्यांनीच भरलेला.
बाप गोळीबार चौकात माग चालवायचा;
गाठ फुगली की धागा तिथंच जातो, हे त्यांना
रॉड हातात येण्याआधीपासून माहीत.
कागद डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी वाचला.
"म्याडम, याच्यात आंगोदर काय झालं
अन् मंग काय झालं, हे कुठं हाये?"
नाही. बेरजेला क्रम नसतो.
"पह्यल्याच वर्षी साखळी सुटली होती हिच्यावर.
मारबतीचा दिवस, अर्धे पोट्टे मिरवणुकीत.
एक डाव. पन तवाच मार खाल्ला तिनं.
बाकीचं सारं तिथून मोजा लागते."

नोंद आहे का कुठे, मी विचारलं.
ते हसले. वाकून
पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला.

मग आम्ही लाल रंग लावला, पुसला,
पांढरी पावडर मारली आणि थांबलो.
दहा मिनिटं. खाली कुणीतरी
चहाचे ग्लास विसळत होतं.
पांढऱ्यातून रेघ वर आली, टाचेशी,
अकरा मिलिमीटर.

त्र्याऐंशी मी खोडलं नाही.
खाली एक ओळ वाढवली: पहिलं वर्ष,
पोळ्याचा दुसरा दिवस, मोठा धक्का, एक.
आणि पुराव्याच्या रकान्यात,
जिथे यंत्राचा नंबर लिहितात:
दौलत निखारे, डावी नडगी.