एकोणीस सेकंद

बस, ओतार. तिबिलिसीहून थेट आलास?
आधी सरबत घे, मग विचार.

हो, कात्री माझीच.
समितीत पाच जण. चौघं सिगारेटी ओढणारे,
पाचवा, गेरोन्ती, घोरणारा.
जागा झाला तो नेमका तिथंच:
पावाच्या रांगेतली बाई
मान वळवते, आपल्याकडे बघते.
बोलत नाही. रडतही नाही.
"ही अशी का बघते?"
कुणालाच सांगता येईना.
सांगता आलं असतं
तर वाचली असती कदाचित.

एकोणीस सेकंद. जवळजवळ नऊ मीटर.
जाळून टाका, असा लेखी हुकूम.
जाळली, म्हणून मी सही केली
आणि कोटाच्या अस्तरातून फीत गावी आणली.
त्या साली सुतळी मिळत नव्हती.
सासऱ्यांनी काही न विचारता
द्राक्षाचे वेल बांधायला घेतली.

आता म्हणता, सिनेमा अखंड करायचाय.
चल तर. तिसरी ओळ, अक्रोडाच्या अंगाला.
ओढू नकोस, गाठ खोडात रुतलीय.
हे टोक उजेडात धर.
चेहरा पावसानं केव्हाच नेला,
काठाची भोकं तेवढी राहिलीत.

कापावं की कापू नये,
भांडा तुमच्या परिषदेत खुशाल.
मी पुढं वीस वर्षं
पावाच्या रांगेत उभी राहिले,
मान सरळ ठेवून.

द्राक्षं गोड असतात या ओळीची.
नेशील थोडी?